स्पेनमधले चित्रपट डबिंग कलाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमध्ये डबिंग कलाकार म्हणजे नेमकं कोण?

परदेशी चित्रपटातल्या पात्राला स्पॅनिशमध्ये पुन्हा साकारणारा नट. आवाज त्याचा असतो, पण चेहरा, हालचाल आणि वेळ दुसऱ्याची. मूळ नटाने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घ्यायचा आणि तो जितका वेळ बोलला तितकाच वेळ बोलायचं, तरीही वाक्य त्या क्षणी सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. कायद्याच्या नजरेतही तो नटच आहे. कलाकारांच्या नोकरीसंबंधीचा 1985 चा शाही आदेश आणि बौद्धिक संपदा कायदा हे दोन्ही त्याला लागू होतात.

तिथे सबटायटलऐवजी डबिंगच का रुजलं?

बोलपट आल्यावर अमेरिकन कंपन्यांनी आधी पॅरिसजवळच्या झ्वाँव्हील स्टुडिओत स्पॅनिश आवृत्त्या करून पाहिल्या. 1932 मध्ये बार्सिलोनात डबिंग स्टुडिओ उभा राहिला आणि काम स्पेनमध्ये आलं. साक्षरता कमी असल्यामुळे पडद्यावर वाचायला लावणं धंद्याला परवडणारं नव्हतं. पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, 23 एप्रिल 1941 च्या आदेशाने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं झालं. ही सक्ती 1946 च्या अखेरीस उठली, पण तोवर प्रेक्षकांच्या कानाला सवय लागली होती.

सेन्सॉरला डबिंगचा फार उपयोग झाला. 'मोगाम्बो' या अमेरिकन चित्रपटातलं विवाहबाह्य प्रेम झाकण्यासाठी नवरा-बायकोला भाऊ-बहीण केलं, आणि त्यातून मूळ गोष्टीपेक्षा भलतंच काही सूचित होऊ लागलं. 'कासाब्लांका'चा नायक रिक स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने, म्हणजे फ्रँकोच्या विरोधात होता, तो उल्लेख गाळला गेला. डबिंगवर स्पेनमध्ये आजही टीका होते तेव्हा ही उदाहरणं निघतातच. टीका रास्त आहे. पण ती संहिता बदलणाऱ्यांवर आहे, माइकसमोर उभं राहून काम करणाऱ्यांवर नव्हे.

माझा आवाज भारदस्त आहे असं सगळे म्हणतात. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच आहे. भारदस्त आवाजाचे लोक पुष्कळ असतात. मात्र चित्रपटात चहावाला, घाबरलेली शेजारीण, कंटाळलेला कारकून, ताप आलेला मुलगा अशी माणसंही असतात आणि त्यांना साधे, खरे आवाज लागतात. दिग्दर्शक तीन गोष्टी पाहतो: अभिनय येतो का, कागदावरचं वाक्य पहिल्या-दुसऱ्या वाचनात बोलल्यासारखं निघतं का, आणि कान आणि डोळे एकाच वेळी चालतात का. आवाजाचा पोत त्यानंतर.

कॉन्स्तान्तिनो रोमेरोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. क्लिंट ईस्टवूड, डार्थ व्हेडर, 'टर्मिनेटर'मधला श्वार्झनेगर आणि 'ब्लेड रनर'मधला रुटगर हावर हे सगळे स्पेनमध्ये त्याच्या आवाजात बोलले. आवाज खर्जातला होता हे खरंच. पण व्हेडरचा थंडपणा आणि 'ब्लेड रनर'च्या शेवटी मरणाऱ्या कृत्रिम माणसाचा थकवा एकाच गळ्यातून वेगवेगळा निघाला, तो अभिनयामुळे. रेडिओ, टीव्ही आणि संगीत नाटक ही तिन्ही कामं त्याने डबिंगच्या जोडीने केली होती. डिसेंबर 2012 मध्ये तो निवृत्त झाला आणि मे 2013 मध्ये वारला.

शिक्षण कुठे आणि किती घ्यावं लागतं?

सक्तीची पदवी किंवा परवाना नाही. माद्रिद आणि बार्सिलोना इथे खासगी डबिंग शाळा आहेत, इतर काही शहरांतही आहेत. बहुतेक जण तिथे येण्याआधी किंवा त्याच काळात नाट्यशिक्षण घेतात. क्रमही तोच बरा: आधी अभिनय, मग डबिंग. उलट केलं की विद्यार्थी ओठ जुळवायला शिकतो आणि बोलायला विसरतो. मग त्याच्या तोंडून डबिंगची ठरावीक, गोल, कुणीच घरी बोलत नाही अशी चाल ऐकू येते. ही चाल एकदा लागली की सुटायला फार त्रास देते.

शाळा निवडताना दोनच गोष्टी विचारा: शिकवणारे आज स्टुडिओत काम करतात का, आणि आठवड्यात प्रत्यक्ष माइकसमोर किती मिनिटं मिळतील. वीस जणांच्या वर्गात दोन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार, हा हिशोब फी भरण्याआधी करावा.

'टेक' म्हणजे किती मोठा तुकडा?

चित्रपट सलग डब होत नाही. संहिता छोट्या, क्रमांक दिलेल्या तुकड्यांत कापली जाते. स्पेनमधली रूढ मर्यादा अशी: एका टेकमध्ये सगळ्या पात्रांच्या मिळून जास्तीत जास्त 10 ओळी, एका पात्राच्या सलग 5 ओळी, आणि ओळ सुमारे 60 अक्षरांची, रिकाम्या जागा धरून. दृश्य बदललं किंवा मोठी शांतता आली की टेक तुटतो. प्रत्येक टेकवर टाइमकोड, म्हणजे चित्रपटातली त्याची नेमकी वेळ, असतो.

पूर्वी फिल्मचा तो तुकडा खरोखर कापून, टोकाला टोक जोडून प्रोजेक्टरवर गोल फिरवत. आता सगळं संगणकावर चालतं, पण मोजमाप तेच राहिलं. कारण टेक हे कामाचं एकक आहे तसंच मजुरीचंही.

एक टेक रेकॉर्ड होतो म्हणजे काय काय होतं?

कलाकार उभा असतो. समोर पडदा, बाजूला आत्रिल, म्हणजे संहिता ठेवायचा उतरता स्टँड, आणि माइक. दिग्दर्शक काचेपलीकडे ध्वनितंत्रज्ञाशेजारी बसतो. पूर्ण चित्रपट फक्त दिग्दर्शकाने पाहिलेला असतो. कलाकाराला कथा, पात्र आणि या क्षणाआधी काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत सांगितलं जातं. तेवढ्यावर पात्र उभं करायचं असतं.

आधी टेक मूळ आवाजात दाखवतात. या पहिल्या फेरीत अनुभवी कलाकार शब्दांकडे फारसं पाहत नाही. वाक्य कुठे सुरू झालं, मध्ये कुठे अडखळलं, श्वास कुठे आहे, डोकं कधी हललं, एवढंच टिपतो आणि पेन्सिलीने संहितेवर खुणा करतो. दुसऱ्या फेरीत मूळ आवाज हेडफोनमध्ये ठेवून तालीम. मग रेकॉर्डिंग. सोपा टेक दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात होतो. रडण्याचा, कुजबुजण्याचा किंवा धावत बोलण्याचा टेक जास्त वेळ खातो.

पूर्वी दृश्यातले सगळे कलाकार एकत्र उभे राहत. आता बहुतेक वेळा प्रत्येक जण एकटा येतो आणि आपल्या पात्राचे सगळे टेक संपवून जातो. वेळ वाचतो, तारखा जमतात. पण समोरच्याचं उत्तर ऐकू येत नाही, किंवा येतं ते इंग्रजीत. भांडणाच्या दृश्यात दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत भांडताहेत असं वाटायला लागतं ते यामुळेच. चांगला दिग्दर्शक अशा वेळी आधी रेकॉर्ड झालेला स्पॅनिश आवाज कलाकाराच्या कानात सोडतो. तशी सोय आहे का, हे कलाकाराने विचारायला लाजू नये.

संहितेत त्या खुणा कसल्या असतात?

पात्राचं तोंड दिसत असेल तर 'ऑन', पात्र चौकटीबाहेर असेल तर 'ऑफ'. पाठमोरं, लांबून, दुसऱ्याच्या बोलण्यावर चढून बोलणं, हसणं यांसाठी वेगळी अक्षरं. एक तिरकी रेघ म्हणजे छोटा विराम, दोन म्हणजे मोठा. 'जी' म्हणजे खेस्तो: उसासा, हुंदका, कण्हणं, गिळणं, धापा, थोडक्यात शब्द नसलेला कुठलाही आवाज.

नवखे लोक खेस्तोकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच पकडले जातात. पात्र जिना चढून येतं आणि धाप न लागता बोलतं, असं झालं की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

ओठ जुळवणं कलाकाराचं काम की लेखकाचं?

दोघांचं, पण आधी लेखकाचं. अनुवादक मजकूर स्पॅनिशमध्ये आणतो. मग आख्युस्तादोर, म्हणजे जुळवणी करणारा, तो पात्राच्या ओठांवर बसवतो. कधी अनुवादकच हे काम करतो, कधी दिग्दर्शक. स्पॅनिश वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होतं, म्हणून काटछाट अटळ असते. जवळच्या शॉटमध्ये प, ब, म या ओठ मिटणाऱ्या ध्वनींवर नजर ठेवावी लागते. फ आणि मोठे उघडे स्वर त्यानंतर. लांबच्या शॉटमध्ये फक्त सुरुवात आणि शेवट जुळला तरी चालतं.

'टर्मिनेटर'मधलं 'आय'ल बी बॅक' घ्या. स्पेनमध्ये ते 'व्होल्व्हेरे' झालं. उच्चाराचे तुकडे इंग्रजीत तीन, स्पॅनिशमध्येही व्होल-व्हे-रे असे तीनच. स्पॅनिशमध्ये हा 'व्ह' ओठांवर 'ब'सारखा उच्चारला जातो, त्यामुळे मधल्या 'बी'वर 'व्हे' बरोबर बसतो. अर्थ, लांबी आणि मधला ओठ, तिन्ही एका शब्दात मिळाले.

दुसऱ्या भागातलं 'आस्ता ला व्हिस्ता, बेबी' याहून अवघड होतं. मुळात गंमत अशी की इंग्रजी बोलणारं यंत्र स्पॅनिश फेकतं. स्पॅनिश चित्रपटात स्पॅनिशच ठेवलं असतं तर ती गेली असती. म्हणून तिथे 'सायोनारा, बेबी' केलं. परकेपणा टिकला, आणि 'बेबी' तसंच राहिल्यामुळे ओठ मिटण्याच्या दोन्ही जागाही टिकल्या.

रेकॉर्डिंगच्या वेळी वाक्य बसलं नाही तर कलाकाराने भराभर बोलून ते कोंबू नये. दिग्दर्शकाला सांगून एक शब्द काढावा. घाईने बोललेलं वाक्य ओठांवर जुळतं, पण पात्र उगाच घाबरलेलं वाटतं.

नवख्यांचं सगळ्यात जास्त कुठे चुकतं?

नजर कागदावरच राहते, ही पहिली चूक. वाक्याचा शेवट आधीच डोक्यात घेऊन मान वर करायची आणि पडद्याकडे पाहत बोलायचं, हे जमेपर्यंत पुढचं काही जमत नाही.

दुसरी चूक उशिरा सुरू करण्याची. तोंड उघडलेलं दिसल्यावर बोलायला लागलं तर आवाज मागे पडतो. मूळ नट बोलण्याआधी श्वास घेतो, त्या श्वासाबरोबर निघायचं.

तिसरी माइकपासूनच्या अंतराची. कुजबुजताना माणूस आपसूक माइककडे झुकतो आणि ओरडताना लांब जातो. मग एकाच खोलीतलं पात्र एका वाक्यात कानाशी आणि पुढच्या वाक्यात दाराशी असल्यासारखं ऐकू येतं. पाय जागेवर ठेवून फक्त आवाजाचा जोर बदलायचा. पाठमोरं बोलायचं असेल तर तंत्रज्ञाला विचारून मान वळवायची.

बाकी बारीकसारीक गोष्टी: आवाज करणारी जाकिटं, बांगड्या, कागद उलटल्याची सळसळ, रिकाम्या पोटाची गुडगुड. माइक सगळं ऐकतो.

पहिलं काम कसं मिळतं?

शंभरातल्या नव्वदांना मुख्य भूमिका पहिल्या वर्षात मिळत नाही, आणि ते वाईट नाही. सुरुवात आम्बिएन्तेसपासून होते: बाजार, हॉटेल, स्टेडियम, पोलीस ठाणं यांतला गर्दीचा आवाज. पाच-सहा जण उभे राहून खरीखुरी, पण समजू नये इतपत वाक्यं बोलत राहतात. त्यानंतर दोन ओळींचा वेटर, एका टेकची परिचारिका.

स्टुडिओकडे आवाज-चाचणी मागावी लागते. डबिंग दिग्दर्शकाला कळवून, परवानगी मिळाली तर, मागे गप्प बसून इतरांचं काम पाहता येतं. पूर्वी बरेच जण असेच तयार झाले. आता मोठ्या कंपन्यांच्या गोपनीयतेच्या अटींमुळे ते दार बरंच बंद झालं आहे. काही चित्रपटांत तर कलाकारालाही पूर्ण चित्र दिसत नाही. पडदा काळा आणि त्यात फक्त बोलणाऱ्याचं तोंड, अशा स्थितीत काम करावं लागतं.

डेमो दोन मिनिटांच्या आत ठेवा. त्यात तीन-चार वेगळ्या वयांची, वेगळ्या मनःस्थितीची पात्रं असावीत. जाहिरातीचा आवाज वेगळा पाठवा. आणि मोठ्या नटाच्या प्रसिद्ध आवाजाची नक्कल डेमोत घालू नका. तो आवाज ज्याचा आहे तो माणूस बहुधा शेजारच्याच स्टुडिओत असतो.

पैसे कसे मिळतात?

दोन भाग असतात. एक, कोन्व्होकातोरिया, म्हणजे बोलावल्यावर हजर राहण्याची रक्कम. दोन, रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक टेकची रक्कम. एका टेकमध्ये एक शब्द असो वा पाच ओळी, टेक तो टेक. चित्रपटगृहासाठीचं काम आणि टीव्हीचं काम यांचे दर वेगळे. किमान दर सामूहिक कराराने ठरतात आणि करार सरकारी राजपत्रात छापला जातो, तेव्हा आकडे ऐकीव धरू नका, तिथूनच पाहा.

महिन्याचा पगार नसतो. ज्या दिवशी काम त्या दिवसापुरती सामाजिक सुरक्षेत कलाकार म्हणून नोंद होते. प्रसारणाचे हक्काचे पैसे आइस्खे ही संस्था गोळा करून वाटते. सभासद झाल्याशिवाय आणि आपली कामं नोंदवल्याशिवाय ते हाती पडत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून चित्रपट, पात्र आणि तारीख यांची वही ठेवावी. माद्रिदमध्ये आदोमा आणि बार्सिलोनात डब या कलाकारांच्या संघटना आहेत. कमी दराचं काम आलं तर आधी त्यांना विचारावं. एकाने कमी दर घेतला की पुढच्या सगळ्यांना तोच दाखवला जातो.

परदेशी नटाला एकच स्पॅनिश आवाज कायमचा असतो का?

करारात तसं काही नसतं, पण प्रथा घट्ट आहे. ब्रूस विलिस म्हटलं की रामोन लांगा, मॉर्गन फ्रीमन म्हटलं की पेपे मेदियाव्हिया (2018 मध्ये वारला), टॉम हँक्स आणि टॉम क्रूझ म्हटलं की जोर्दी ब्राउ, ज्युलिया रॉबर्ट्स म्हटलं की मेर्से मोंताला. रिकार्दो सोलान्सने दे नीरोलाही आवाज दिला आणि पचिनोलाही. हे दोघं एकाच चित्रपटात आले की काय अडचण होते ते सांगायला नको.

आवाज बदलावा लागतो तो आजारपण, निवृत्ती, मृत्यू, पैशाचं न जमणं किंवा चित्रपट दुसऱ्या शहरात डब होणं यांमुळे. 'सिम्पसन्स'मधल्या होमरचा आवाज आणि मालिकेच्या डबिंगचा दिग्दर्शक असलेला कार्लोस रेव्हिया 2000 मध्ये वारला, तेव्हा कार्लोस इस्बेर्तने ती जागा घेतली. अशा वेळी नक्कल करायची की स्वतःचं पात्र उभं करायचं, हा प्रश्न असतो. पहिल्या काही भागांत जवळ जायचं आणि मग हळूहळू आपल्या वाटेने, हेच प्रेक्षकाला पचतं.

प्रसिद्ध चेहऱ्यांना डबिंगला का घेतात?

प्रसिद्धीसाठी, विशेषतः ॲनिमेशनमध्ये. कधी ते उत्तम जमतं. 'पुस इन बूट्स'ला स्पॅनिशमध्येही अंतोनियो बान्देरासनेच आवाज दिला, तोही आपल्या आन्दालुसियाच्या उच्चारांत. उलट 1980 च्या 'द शायनिंग'चं स्पॅनिश डबिंग पाहा. दिग्दर्शनाला कार्लोस साउरा, आवाजाला वेरोनिका फोर्केसारखी कसलेली नटी, आणि तरीही स्पेनमध्ये ते फसलेल्या डबिंगचं नेहमीचं उदाहरण आहे. दुसऱ्याच्या शरीरात बसून बोलणं ही वेगळी कसरत आहे. उत्तम नटालाही ती शिकावीच लागते.

कॅटलान, गॅलिसियन किंवा बास्क येत असेल तर?

मोठा फायदा. ऐंशीच्या दशकात प्रादेशिक वाहिन्या सुरू झाल्या आणि या भाषांतलं डबिंग उभं राहिलं. बार्सिलोनातले पुष्कळ कलाकार स्पॅनिश आणि कॅटलान दोन्हीत काम करतात. गॅलिसियात आणि बास्क प्रदेशात काम कमी, पण स्पर्धाही कमी. अनेकांचा पाया तिथेच पक्का झाला.

स्पेनचं डबिंग लॅटिन अमेरिकेत चालतं का?

साधारणपणे नाही. तिकडचं काम मुख्यतः मेक्सिकोत होतं, उच्चार आणि शब्द वेगळे. डिस्नेचे चित्रपट मात्र बराच काळ दोन्हीकडे एकाच लॅटिन अमेरिकी आवाजात गेले. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (1991) पासून स्पेनसाठी वेगळी आवृत्ती होऊ लागली. म्हणून स्पेनमधल्या एका पिढीला लहानपणीची गाणी मेक्सिकन उच्चारांत पाठ असतात.

लहान मुलांचे आवाज कोण देतं?

कधी मुलंच. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी कामगार खात्याची परवानगी लागते आणि वेळेवर बंधनं असतात. लांब चालणाऱ्या मालिकांत मुलग्याचा आवाज बहुधा बाईचा असतो, कारण मुलाचा आवाज फुटतो. स्पेनमधला बार्ट सिम्पसन म्हणजे सारा विवास.

व्हिडिओ गेमचं काम वेगळं असतं का?

बरंच. अनेकदा चित्रच नसतं. संगणकावर मूळ आवाजाची लहर दिसते आणि वाक्यांची यादी, तीही क्रमाने नाही. एका मागून एक चाळीस वेळा मरायचं, मग वीस वेळा 'मागे व्हा' ओरडायचं. सत्राच्या सुरुवातीलाच ओरडण्याच्या ओळी दिल्या तर त्या शेवटी ठेवायला सांगा. आधी ओरडलं की उरलेल्या शांत ओळी घोगऱ्या निघतात. घोगरेपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर काढे पुरे, स्वरयंत्र तपासणाऱ्या डॉक्टरकडे जा.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम संपेल का?

आवाजाची नक्कल आज यंत्राला येते, आणि ती कलाकाराच्या रेकॉर्डिंगवरच शिकते. म्हणून स्पेनमधल्या आवाज-कलाकारांच्या संघटना पासावे या मंचाखाली एकत्र आल्या. रेकॉर्डिंगचा वापर यंत्राला शिकवण्यासाठी किंवा कृत्रिम आवाज बनवण्यासाठी होणार नाही, असं कलम प्रत्येक करारात असावं अशी त्यांची मागणी आहे. 'सध्या माहीत असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व तंत्रांसाठी' असा हक्क लिहून मागणारा कागद समोर आला तर सही न करता तो संघटनेकडे पाठवा. कामाची घाई आहे असं सांगितलं जाईल. तरीही पाठवा.

मराठी माणसाने स्पॅनिश शिकून तिथे हे काम करता येईल का?

मुख्य प्रवाहातल्या भूमिकांसाठी प्रदेश ओळखू न येणारा कास्तिलियन, म्हणजे स्पेनमधल्या प्रमाण स्पॅनिशचा, उच्चार लागतो. भाषेच्या परीक्षेत वरची पातळी गाठली, अगदी डेले या अधिकृत स्पॅनिश परीक्षेची सर्वात वरची सी-2 मिळवली, तरी उच्चार जन्मजात वाटेलच असं नाही. मराठीतला ट-ड आणि महाप्राण ध्वनी नकळत डोकावतात. स्पेनमध्ये लहानपणापासून वाढलेल्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना अनुवादाची वाट अधिक मोकळी आहे, कारण स्पॅनिश चित्रपट आणि मालिका हिंदीत डब होतात. मधल्या इंग्रजी भाषांतरावरून केलेल्या आणि थेट स्पॅनिशमधून केलेल्या संहितेत फरक पडतो. टेक, श्वास, ओठ आणि खेस्तो यांचं गणित मुंबईच्या स्टुडिओतही हेच आहे.